तांब्याच्या तारेतल्या क्लिपा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या दुपारचं नाव काढलं की मी अजून हबकतो. खून, दरोडे सगळं पाहिलं. पण मला खऱ्या अर्थाने हादरवलं ते एका जुन्या मोटारीच्या जाळीच्या क्लिपांनी. हसू नका, पुढचं ऐका.

मी तेव्हा एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. मार्केट यार्डाच्या मागच्या एका गल्लीत साठीच्या आसपासच्या एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. जुन्या विलायती गाड्या नीट करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्याकडे एका निवृत्त डॉक्टरांची, त्यांच्या वडिलांच्या काळची गाडी कित्येक वर्षं उभी होती. इंजिन झालं, रंग झाला, पुढची जाळीही क्रोम होऊन आली. अडलं होतं ते जाळी बसवणाऱ्या स्क्रूंवर आणि क्लिपांवर. त्या गाडीच्या स्क्रूंचे आटे आजच्या स्क्रूंपेक्षा वेगळे. बाजारातला स्क्रू जबरदस्तीने पिळला तर आटे जातात, आणि नवी क्लिप लावली तर जाळी खडखडते. डॉक्टर आणि मिस्त्री जोडीने गावोगाव हिंडले. शेवटच्या चार क्लिपा भोरकडच्या एका शेडमध्ये सडत पडलेल्या गाडीवरून निघाल्या. संच पुरा झाला, जाळी बसवायचा दिवस ठरला, आणि आदल्या आठवड्यात गॅरेजमधून संचच गायब!

डॉक्टरांनी तक्रार अर्ज दिला. अर्जात संशयित म्हणून एकच नाव होतं, मिस्त्रीचं. सोबत त्यांचा मुलगा होता. चाळिशीचा, आयटीत मोठ्या हुद्द्यावर, बोलणं अगदी मऊ. "सर, ॲक्च्युअली आम्हाला त्यांना त्रास द्यायचा नाहीये," तो म्हणाला, "पण प्रोसीजर फॉलो व्हायला हवी ना."

झाली प्रोसीजर. मी जीप पाठवून मिस्त्रीला भर दुपारी गल्लीतून उचलून आणलं. डॉक्टर आणि चिरंजीव माझ्या टेबलासमोर खुर्चीवर, आणि मिस्त्री भिंतीशी जमिनीवर. अशी वाटणी आमच्याकडे कोणाला सांगावी लागत नाही, कपडे बघून आपोआप होते. आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

"बोल, कुणाला विकल्यास?" मी दरडावलं.

"मी न्हाई घेतल्या, सायेब."

"मग पाय फुटले का त्यांना?"

"सायेब, लोक माझ्या हातात गाडीची किल्ली ठेवून घरी जात्यात. माझ्याकडं दुसरं काय बी न्हाई. हे नाव गेलं तर माझा धंदा बसला." तो एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. मी असली वाक्यं हजार वेळा ऐकलेली. म्हटलं, मुरलेला दिसतोय. तास गेला, दोन तास गेले. मी आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली. डॉक्टर खाली मान घालून बसले होते. मुलगा चहा पीत होता.

तेवढ्यात आमच्या हवालदाराचा फोन आला. जुन्या बाजारात आमचा एक खबऱ्या होता. त्याने सांगितलं होतं, एका दुकानात तसल्याच क्लिपांचा जुडगा आलाय. हवालदाराने पंचांसमक्ष माल जप्त केला होता आणि दुकानदाराला घेऊन तो निघाला होता. मला वाटलं, संपली केस. आता हा गडी पोपटासारखा बोलेल.

हवालदाराने जुडगा आणून दिला तो मी मिस्त्रीच्या पुढ्यात टाकला. "ओळख पटते का?"

गुन्हेगार अशा वेळी नजर चुकवतो. या माणसाने जुडगा दोन्ही हातांनी उचलला, एकेक क्लिप बोटाने चाचपली आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सगळ्या हायत सायेब. एक बी गेली न्हाई." चोरीचा माल समोर आल्यावर खूष होणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. माझं डोकं तिथेच थोडं ठिकाणावर आलं.

"ही तार कसली?" मी विचारलं. क्लिपा तांब्याच्या तारेत ओवलेल्या होत्या आणि मधे मधे तारेला पीळ दिलेले होते.

"आमची रीतच हाय तशी. ज्या क्लिपेचा स्क्रू त्याच क्लिपेत पिळायचा, झिजून एकमेकांना बसल्याल्या असत्यात. मग वळीनं तारेत ओवायचं. डावी बाजू संपली की एक पीळ, मधली संपली की दोन." मग त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा भिडवला. "सायेब, मी इकल्या असत्या तर तार ठेवली असती व्हय? तार बघून लाईनीतला कुणी बी सांगंल, हा माल कुणाच्या हातचा. इकणाऱ्याला ह्यातलं काय बी कळत न्हाई."

मी चाट पडलो. दोन तास मी ज्याची चौकशी करत होतो, त्याने दोन वाक्यांत माझी चौकशी गुंडाळली होती. मी दुकानदाराला आत बोलावलं. त्याला काही विचारायच्या आधीच तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "अहो, हे काय, हेच ते साहेब! गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी होती. घासाघीससुद्धा केली नाही."

मी वळून पाहिलं. चहाचा कप हातात धरून डॉक्टरांचा मुलगा बसला होता.

पोरगा लगेच ढासळला. "सर, बाबांना एका डोळ्याने दिसत नाही. जाळी बसली की ते एकटे कात्रजचा घाट चढणार म्हणतात. मी सांगून थकलो. गाडी पुरी झालीच नाही तर प्रश्नच मिटेल, असं वाटलं."

"मग फेकून का नाही दिल्या?"

"त्यांनी इतकी वर्षं शोधल्या होत्या सर. फेकवेना."

"आणि हा माणूस? दोन तास तुझ्यासमोर जमिनीवर बसलाय!"

"पुरावा नाही म्हटल्यावर तुम्ही सोडून द्याल असं..." त्याने कप टेबलावर ठेवला.

मी डॉक्टरांकडे वळलो. वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला असेल, पाणी मागवावं. ते शांतपणे म्हणाले, "मला माहीत होतं. त्या रविवारी गॅरेजमधल्या खिळ्यावरून क्लिपांची तार काढताना मी त्याला पाहिलं होतं."

"अहो, मग हा अर्ज?"

"त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, बाबा, तुमचं वय झालं. ते मला ऐकायचं नव्हतं. वाटलं, मिस्त्रीला इथे बसवलेलं पाहून तरी हा आपणहून बोलेल."

बापलेकांना एकमेकांशी एक वाक्य बोलायचं जड जात होतं, आणि त्यासाठी त्यांनी तिसऱ्याच माणसाची अब्रू ठाण्यात आणून ठेवली होती! मी ओरडलो, वाट्टेल ते बोललो. खोट्या तक्रारीवरून कारवाई करतो म्हणालो. मिस्त्रीने हात जोडले. "कारवाई नगो सायेब. जीपमधनं आणलंत, आता जीपमधनंच सोडा. आन् गल्लीत तुमच्या तोंडानं सांगा."

मी स्वतः गेलो, वर्दीत. गॅरेजपुढे उभ्या असलेल्या तीन गाड्यांपैकी दोन तोवर मालक ओढून घेऊन गेले होते. मिस्त्री ती रिकामी जागा बघत राहिला. मी गल्ली गोळा केली आणि मोठ्याने सांगितलं, या माणसाने चोरी केलेली नाही, चूक आमची होती. लोकांनी माना डोलावल्या. मग समोरचा चहावाला पुढे होऊन हळूच म्हणाला, "म्हणजे सोडला का साहेब त्याला?"

"सोडला नाही," मी म्हणालो, "त्याने काही केलंच नव्हतं."

"तेच ते," तो म्हणाला आणि कप विसळायला लागला.

पुढे डॉक्टरांच्या गाडीचं काय झालं, मी विचारलं नाही. मिस्त्रीने त्या जाळीला पुन्हा हात लावला नाही एवढं कळलं. वर्ष व्हायच्या आत त्याचं गॅरेजही बंद झालं. त्यानंतर नुसत्या अर्जावरून मी कोणाच्या दारात जीप पाठवली नाही. साध्या कपड्यांत चालत जायचो आणि आधी माणसाचं काम समजून घ्यायचो. हे शहाणपण मला पुढे फार उपयोगी पडलं. त्या मिस्त्रीला मात्र त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.