वकीलकाकूंची पाणपोई

वकीलकाकू एरवी पुस्तकात छापावे तसे बोलत. चिडल्या की मात्र थेट वऱ्हाडीत उतरत. त्यांच्या दारातून "का?"च्या जागी "काहून?" असे ऐकू आले की आमच्या वाशीमच्या गल्लीतल्या बायका हातातले काम टाकून कान देत. आज कुणाची तरी खैर नाही, हे त्या एका शब्दावरून कळे.

मुलांनो, तुम्ही तिकडे सुटीच्या दिवशी ज्या क्लबातर्फे झाडे लावायला जाता, तसे एक मंडळ काकूंनी आमच्या गावात काढले होते. एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते आणि तिकडून डॉक्टर येईतो माणसे दगावत होती. काकूंनी गल्लीतल्या बायका जमवल्या, अंगणात चूल मांडून पाणी उकळले आणि घरोघर पोचवले. साथ सरली, बायका एकत्र राहिल्या. मी नवी सून होते, पण मॅट्रिक झालेली, म्हणून मंडळाचे उद्देश लिहायला मला बसवले. परदेशी क्लबांची इंग्रजी पत्रके समोर ठेवून मी "दीनदुबळ्यांची सेवा" असे लिहिले. काकूंनी ते खोडले. "सेवा देवाची करतात. आपण गावाचं काम करतो. गावात आपणही आलो."

हारतुऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. नाली उपसायच्या दिवशी एक मोठे अधिकारी कौतुक करायला आले. काकूंनी त्यांच्या हातात बादली दिली. "साहेब, हार सुकून जाते. हे घ्या." साहेब हसले. मग कुणी हसत नाही असे पाहून त्यांनी कोट काढला.

मंडळ नावारूपाला आले तशा मोठ्या घरच्या बायका येऊ लागल्या. कापसाचा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, असलेल्या घरच्या जिनवाल्या वहिनी अध्यक्ष झाल्या. काकूंनी मोटार स्टँडवर पाणपोई घालायचे ठरवले. शिरपूरच्या देवळाला जाणारे यात्रेकरू, बाजाराला आलेली माणसे, सगळी तिथेच उन्हात ताटकळत. पण नेमक्या तेव्हा काकू लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेल्या. पाणपोई त्यांच्यामागे सुरू झाली.

परतल्या त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर स्टँडवर होते. समोर रांजण, घासलेले गडवे, आणि वर पाटी: "सर्वांसाठी". मागच्या कुडातून एक पत्र्याची पन्हाळी बाहेर काढलेली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली कोंडाबाई तिच्याखाली ओंजळ धरून वाकली होती. आतला माणूस वरून पाणी सोडत होता. निम्मे तिच्या कोपरांवरून मातीत जात होते.

"कोंडाबाई, इकडून काहून?" काकूंनी विचारले.

तिने पदराने तोंड पुसले. "मले काय विचारता? तुमच्या मंडळाले विचारा. जिनात माह्या हातचा कापूस चालते, अन् हातात गडवा चालत नाही."

त्याच दुपारी बैठक झाली. जिनवाल्या वहिनी अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "काकू, पाणी एकाच रांजणातलं आहे ना? लोकांना रुचेल तसंच चालावं लागतं. मंडळ टिकलं पाहिजे."

"काहून टिकलं पाहिजे?" काकू उभ्या राहिल्या. "नळी लावून माणसाले पाणी पाजायले? ढोराले तरी टाकं असते!"

मते घेतली. काकूंच्या बाजूने फक्त माझा हात वर झाला. कायद्याने अस्पृश्यता गेली होती. त्या खोलीत ती सतरंजीवर बसून चहा पीत होती. काकू तडक स्टँडवर गेल्या आणि त्यांनी ती पन्हाळी उपटून फेकली. दुसऱ्या दिवशी मंडळाने पाणपोईच बंद केली. ऐन वैशाखात.

कोंडाबाई काकूंच्या दारात येऊन उभी राहिली. "तुमचा राग झाला काकू, आमची तहान झाली. आता लोक म्हणतात, आमच्यापायी पाणी गेलं."

काकू ओट्यावरून उतरून तिच्यासमोर आल्या. मग म्हणाल्या, "माह्या फाटकापाशी रांजण ठेवतो. तू बसशील पाणी द्यायले?"

कोंडाबाई बसली. ज्याला प्यायचे त्याने तिच्या हातून गडवा घ्यायचा. सुरुवातीला लोक पुढे निघून जात. मग उन्हाने एकेकाला मागे फिरवले. कुणी तोंड वाकडे करून पीत. काकू ओट्यावरून ओरडत, "तोंड वाकडं करा, पाणी सरळच जाते!"

किंमत काकूंच्या यजमानांनी, वकीलसाहेबांनी मोजली. जिनवाल्यांची कामे गेली, त्यांच्या पाठोपाठ बाकीची अशिले गेली. वर्षाच्या आत बिऱ्हाड अकोल्याला हलले. मोटारीपाशी मंडळाची एकही बाई आली नाही, जिच्या तापलेल्या पोराला काकूंनी मांडीवर घेतले होते तीसुद्धा. कोंडाबाईने खिडकीतून गडवा वर दिला. "प्या. रस्त्यात मधात पाणी भेटत नाही." काकूंनी तो तोंडाला लावून संपवला.

मंडळाची स्मरणिका तुमच्या आईने तुम्हाला पाठवली आहे. तिच्यात छापले आहे की संस्थापिका प्रकृतीच्या कारणास्तव वाशीम सोडून गेल्या. ती ओळ खोडून वाचा. त्यांची प्रकृती ठणठणीत होती.