आमेन सरांचा उघडा डोळा

आमेन सर प्रार्थना करताना एकच डोळा मिटायचे. दुसरा उघडा. का, तर कोणतं पोर हलतंय, कोण बिस्किटांकडे बघतंय, ते टिपायला. देवापुढे अर्धीच हजेरी लावणारा माणूस! प्रत्येक वाक्यामागे 'आमेन' ठोकायचे, म्हणून पोरांनीच हे नाव ठेवलेलं.

भिवंडीत कापड विणणारे लूम शुक्रवारी बंद. तेव्हाच काय ते एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. म्हणून आमची पोरांची शब्बाथशाळाही रविवारऐवजी शुक्रवारीच भरायची, चर्चच्या मागच्या खोलीत. मी बिस्किटं वाटायची आणि मनातल्या मनात सरांना नावं ठेवायची. दोन्ही कामं मन लावून.

"पोटातून करा रे प्रार्थना, पोटातून!" हे सरांचं ठरलेलं. आणि शिकवायचे काय, तर आवाज कुठे कापरा करायचा, 'हे परमदयाळू पित्या' म्हणताना मान किती कलती ठेवायची. अहो, नाक धड पुसता येत नाही त्या पोरांना, आणि म्हणे 'आम्हां पातक्यांवर'! मी एकदा म्हटलं, "सर, यांची पातकं अजून व्हायची आहेत." तर म्हणाले, "बाई, तुम्ही बिस्किटं बघा."

त्या पोरांत एक रूथ होती. तिचे पप्पा लूमवर, छातीत रुई बसलेली. एका शुक्रवारी ती उठून म्हणाली, "देवबाप्पा, पप्पांचा खोकला थांबव. घरात कोणालाच झोप येत नाही." बस्स, एवढंच. सरांचा तो उघडा डोळासुद्धा ओला झाला, खोटं कशाला बोलू? पण त्या ओल्या डोळ्याला सुचलं काय? हीच प्रार्थना नाताळात पाहुण्यांपुढे करायची! झाली तालीम सुरू. "'झोप' म्हणताना थांब. इथे हुंदका."

मधल्या काळात देवानं ऐकलं, औषधही लागू पडलं. पप्पा खडखडीत बरे होऊन दापोड्याच्या गोदामात कामाला लागले. रूथ म्हणाली, "सर, आता देवाला थँक्यू म्हणू?"

"नाताळपर्यंत आजारीच म्हण. लोकांच्या काळजाला भिडतं."

पोर रडत माझ्याकडे आली. "मावशी, देवाला ते खरं वाटलं तर? पप्पा परत आजारी पडतील ना!" मी म्हटलं, "जे खरं तेच सांग गं त्याला. सरांना मी बघते."

नाताळात ती उभी राहिली. समोर पाहुणे, शेवटच्या बाकावर नव्या शर्टात पप्पा. ती पप्पांकडेच बघत राहिली. पडद्याआडून सरांचं चाललेलं, "हुंदका, हुंदका!" शेवटी रूथनं डोळे घट्ट मिटले. "देवबाप्पा, पप्पा बरे झालेत. सर आजारी म्हण म्हणतात. तू त्यांचं ऐकू नकोस हं."

पाहुणे हसले. पप्पांनीही हसू दाबायला तोंडाला रुमाल लावला. सर मात्र "पोरांत श्रद्धाच उरली नाही" असं म्हणत शाळा सोडून कोन गावी मुलाकडे राहायला गेले. मी त्यांना थांबवलं नाही. का थांबवू?

पुढे ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मी रूथला घेऊन गेले, बिस्किटांचा पुडाही नेला. आम्हाला बघून सरांनी 'हे परमदयाळू' सुरू केलं, पण खोकला पुढे जाऊ देईना. तेव्हा रूथनंच त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "देवबाप्पा, सरांना खूप खोकला आहे. त्यांना झोप येऊ दे."

मी एक डोळा उघडून बघितलं. सरांचीच लागलेली खोड, दुसरं काय! त्यांचे दोन्ही डोळे मिटलेले होते, श्वास संथ चाललेला. आणि त्यांचं 'आमेन' म्हणायचं राहूनच गेलं होतं.