माठाची ओळ

यंदा मी आमच्या गावच्या शाळेच्या समितीत सभासद झालो. परवा बैठकीत मुख्याध्यापिका बाई वर्षाचा खर्च वाचत होत्या: इंटरनेट, प्रिंटरची शाई, फिल्टरची दुरुस्ती. मला कुतूहल वाटलं, पूर्वी दर उन्हाळ्यात घेतला जाणारा माठ यादीतून कधी गेला असेल? मी विचारताच बाईंनी कपाटातल्या जुन्या वह्या काढून दिल्या. एक वही उघडली, दमट कागदाचा वास आला आणि मी चौथीच्या वर्गात जाऊन पोचलो.

गुरुजींनी नवा माठ आणला होता. आई बाजारात माठ बोटांनी वाजवून घ्यायची. हा कसा वाजतो ते मला ऐकायचं होतं, पण मी दगड घेतला. पहिल्यांदा माठ छान खणखणला, दुसऱ्यांदा आवाज बसका आला. बारीक चीर पडली होती. ती बाजू मी भिंतीकडे फिरवून ठेवली.

सकाळी वर्गभर पाणी. शिपाई नाना म्हणाले, "माठच कच्चा व्हता, गुरुजी."

"नाना, मी वाजवून घेतला होता," म्हणत गुरुजींनी आम्हा मुलांवरून नजर फिरवली. मी खाली बघून पाढे म्हणत राहिलो.

वहीत त्या वर्षी माठ दोनदा होता. दुसऱ्यासमोर गुरुजींचं अक्षर: 'पहिला न वाजवता घेतला. चूक माझी, पैसे मी भरले.'

"हे खरं नाही," मी म्हणालो. "त्यांनी वाजवून घेतला होता."

"तुम्हाला काय ठाऊक?" बाईंनी विचारलं.

मग मी सगळ्यांसमोर त्या दगडाचं सांगितलं.