डाळ गिरणीतला संकल्प

विघ्ने दूर करणाऱ्या गजाननाला आणि वाणीचा दोष झाकून घेणाऱ्या शारदेला वंदन करून हा वृत्तान्त लिहावयास बसलो आहे. माझ्या भाच्याच्या, विनायकाच्या, निमंत्रणावरून मी माघ महिन्यात वऱ्हाडात गेलो होतो. अमरावतीस शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी आहे आणि तो तिचा व्यवस्थापक आहे. तिच्या अकोल्याच्या डाळ गिरणीत नव्या तुरीच्या हंगामाची पूजा मी सांगावी, असा त्याचा आग्रह होता. फोनवर तो शेवटी म्हणाला, "मामा, पूजेच्या आधी संचालकांची बैठक आहे. आमचे काय करायचे ते त्यात ठरेल. तुम्ही जवळ असलात तर बरे वाटेल."

नाशिकहून निघालेली गाडी बडनेऱ्यास पोहोचेपर्यंत उन्हे उतरली होती. आभाळ धुरकट होते आणि दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. विनायक उतारूंच्या गर्दीत उभा होता. वाकून नमस्कार करताना त्याच्या कानशिलावरचे पांढरे केस मला प्रथमच दिसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंबादेवीचे दर्शन घेतले. बाहेर आल्यावर त्याने मला गिला वडा (दह्यात भिजवून चटणीसह देतात तो वडा) खाऊ घातला आणि खाता खाता आपली अडचण सांगितली. कंपनीची कामे तीन: मोर्शीस संत्र्यांची प्रतवारी, मूर्तिजापुरास धान्याचे गोदाम आणि अकोल्याची डाळ गिरणी. भांडवल एकाच कामास पुरेल इतके. तिन्हीकडे थोडे थोडे वाटत राहिल्याने तिन्ही अशक्त झाली होती. यंदाही वाटणी झाली, तर पुढला हंगाम कोणतेच काम पाहणार नव्हते.

"मग एक निवडा," मी म्हणालो.

"कोण निवडणार? मोर्शी अध्यक्षांची, भाऊसाहेबांची. गोदाम शीलाताईंच्या गावचे. गिरणी भाऊसाहेबांच्या व्याह्यांच्या भागातली. इथे सगळे एकमेकांचे सोयरे. सोयऱ्याच्या तोंडावर त्याचे काम बंद करा म्हणणे म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठून जाण्यासारखे. मी बाजाराचा अभ्यास मांडतो, ते मान हलवतात आणि शेवटी सगळ्यांना थोडे थोडे देतात."

त्याच दुपारी आम्ही मोर्शीस गेलो. मृग बहाराची (पावसाच्या तोंडाशी फुलून माघ-फाल्गुनात उतरणारी) फळे झाडांवर होती. परंतु कित्येक बागांत वाळलेल्या फांद्यांचे सांगाडे उभे होते. प्रतवारी केंद्राच्या पत्र्याखाली काही स्त्रिया संत्री निवडत होत्या. यंत्र बंद होते. दुरुस्तीचे पैसे यंदा गोदामाच्या छपरास गेले, असे विनायकाने हलक्या आवाजात सांगितले.

त्या स्त्रियांतील सिंधूबाईंनी मला खुर्ची दिली. त्यांच्या शिदोरीतल्या पाटोडीच्या रश्शाने (बेसनवड्यांच्या झणझणीत आमटीने) मला अशी उचकी लागली की बोलणे थांबले.

"नाशिकच्या मानसाले हे कुठून सोसते वं!" शेजारची एक बाई म्हणाली. "गुरुजीले गूळ दे पहिले."

हशा ओसरल्यावर सिंधूबाईंनी माझ्या पिशवीत निवडक संत्री भरली. "हे आंबट लागन थोडं. पुढल्या मृग बहाराले या गुरुजी, तवा गोडी पाहा." मग विनायक दूर आहे असे पाहून त्यांनी विचारले, "सायेब हे केंद्र बंद त नाई करून राहिले नं? कोनी सांगत नाई आमाले."

मला ठाऊक नव्हते आणि मी तसेच सांगितले. निघताना त्यांनी पायांस हात लावला, तेव्हा सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, "हातांना काम राहो."

बैठकीच्या दिवशी अकोल्यास जाताना शीलाताईंना घेण्यासाठी मूर्तिजापुरात थांबलो. पूर्वी जेथून शकुंतला (अरुंद रुळांची जुनी गाडी) सुटे, तेथे आता रुळांतून गवत वाढले आहे. कंपनीच्या संचालक आणि निवृत्त बँक अधिकारी असलेल्या शीलाताई बौद्ध घराण्यातील. "जय भीम गुरुजी" म्हणून त्या गाडीत बसल्या आणि लगेच म्हणाल्या, "मी पूजेत हात जोडनार नाई, आधीच सांगते. पन बसीन शेवटपर्यंत. बैठकीत मानसं उठून जातात, पूजेत नाई जात."

"मग बैठकच पूजेत घ्या," विनायक खिन्नपणे हसला.

गिरणीच्या माडीवर बैठक झाली. विनायकाने फळ्यावर तिन्ही कामे लिहिली. कोणत्या मालाला गिऱ्हाईक टिकून आहे, कशात आपला माल दुसऱ्याहून सरस आहे, कोणते काम सांभाळायला माणूस आहे, हे त्याने प्रत्येकापुढे मांडले. तिन्ही कसोट्यांवर डाळच उतरत होती. मग त्याने विचारले, "यातले कोणते सोडायचे?"

एक जण म्हणाला, भाऊसाहेबांचे मोर्शी चालू राहिले पाहिजे. भाऊसाहेब म्हणाले, शीलाताईंच्या गोदामाला धक्का नको. ऐंशीच्या घरातले, पांढऱ्या टोपीचे ते गृहस्थ अत्यंत सौजन्याने हे बोलले. मग चहा आला. विनायकाने फळा पुसला नाही. खडू मात्र खिशात ठेवला.

खाली यंत्रापुढे चौरंग मांडला होता. यजमान भाऊसाहेब. संकल्पात यजमान आपले स्थान, काळ आणि नाव उच्चारतो आणि जे कार्य सिद्धीस न्यायचे त्याचा निर्देश करून ओंजळीतले पाणी ताम्हनात सोडतो. त्यांच्या तळहातावर मी पळीने पाणी घातले आणि म्हणालो, "आता कार्य सांगा."

"कोनतं म्हनू गुरुजी? तिनई म्हनू?"

"म्हणता येईल. मात्र ज्याला माणूस, वेळ आणि द्रव्य खरोखर देणार, तेच म्हणावे. देवापुढे बोललेले पुढल्या बैठकीत बदलता येत नाही."

वृद्ध बोटांच्या फटींतून पाणी थेंबाथेंबाने निसटू लागले. गिरणी ज्यांच्या भागातली, ते व्याही शेजारीच बसले होते; त्यांनी मान खाली घातली. मागून शीलाताईंचा आवाज आला.

"भाऊसाहेब, माझ्या गावचं गोदाम धरू नका यात. मीच म्हनते. कोनाच्या कामाले नाई म्हनता येत नसन, आपल्या कामाले त येते."

"गावात काय सांगसान ताई?"

"शिव्या खाईन. बँकेत सवय झाली."

भाऊसाहेबांचा हात आता जवळजवळ कोरडा झाला होता. मी पुन्हा पाणी घातले. त्यांनी यंत्राकडे पाहिले, मग विनायकाकडे. "मोर्शी माह्या लेकाच्या आठवनीत बांधलं होतं," ते म्हणाले. "तेई नका धरू. डाळ म्हना, गुरुजी." आणि त्यांनी पाणी सोडले.

पूजा यथासांग झाली. नवी तूर यंत्रात पडली आणि तिची पिवळी धूळ सर्वांच्या टोप्यांवर, खांद्यांवर बसली. विनायकाला हवे होते तेच झाले होते. तरी परतीच्या वाटेवर बोरगावच्या पुढे तो म्हणाला, "उद्या मोर्शीला जाऊन त्या बायांना मलाच सांगावे लागेल. गिरणीत काही जणी घेता येतील. पण रोज अकोल्याला कोण येणार तिथून?"

मी सोबत येऊ का, असे विचारले. त्याने मान हलवली. "नको मामा. तुम्ही त्यांना आशीर्वाद दिलात. तुमच्यासमोर त्या रडणार नाहीत, आणि रडू तर दिले पाहिजे."

नाशिकला परतताना गाडीत संत्र्यांची पिशवी मांडीवर होती. एकाच कार्यावर सर्व बळ लावावे, हे शास्त्रालाही मान्य आहे आणि विनायकाच्या व्यवहारालाही. परंतु संकल्पात ज्याचे नाव घेतले नाही, तेथेही कोणी पदर खोचून बसलेले असते, हे मला आजवरच्या पूजांत कधी जाणवले नव्हते. घरी आल्यावर ती संत्री देवापुढे ठेवली. सौभाग्यवतीने एक सोलून माझ्या हाती दिले. सिंधूबाई म्हणाल्या होत्या तसे ते किंचित आंबट होते. पुढल्या मृगाला गोडी पाहावयास कोठे जावे, हे मला ठाऊक नाही.

वाचकहो, आपल्या हातून जे सुटेल ते सोडताना जगदंबा आपल्या मनास कठोर न होऊ देवो. आपल्या घरात अन्न, कामाला हात आणि हातांना काम सदैव असो.