झोग्बेडेसाहेबांची दुभाषी

खाजणाकाठच्या बाजारात मासळीला धुरी देणाऱ्या बायकांत सेफाकोरचं तोंड सगळ्यांत तिखट. मिशनच्या शाळेत सहा इयत्ता शिकलेली, त्यामुळे गोऱ्या व्यापाऱ्यालासुद्धा ती त्याच्याच इंग्रजीत झाडायची. म्हणून झोग्बेडेसाहेब पहिल्यांदा किनाऱ्यावर सभेला आले आणि त्यांचा दुभाषा तापाने आडवा झाला, तेव्हा लोकांनी हिलाच धरून टेबलावर उभं केलं.

झोग्बेडे उत्तरेच्या डोंगरातले, विलायतेत वकिली शिकलेले. किनाऱ्याची भाषा त्यांना ओ की ठो कळत नव्हती. ते इंग्रजीत म्हणाले, "सनदशीर मार्गाने आपण स्वयंशासनाचा हक्क प्राप्त करू."

सेफाकोरने समोर पाहिलं. मिठागरातले मजूर जांभया देत होते. ती म्हणाली, "परस आपलं आहे. आपल्याच परसात जायला पाहुण्याला विचारायचं का?"

मैदान उसळलं.

"मी एवढं काय बोललो?" झोग्बेडेंनी हळूच विचारलं.

"तुम्ही नाही, मी बोलले."

ते पोट धरून हसले. मग आठ महिने ती त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडली. परसाचं वाक्य त्यांनी पाठ केलं, मोडक्या उच्चारात स्वतःच म्हणू लागले. देश स्वतंत्र झाला, ते पहिले पंतप्रधान झाले, आणि ते वाक्य शाळेच्या पुस्तकात त्यांच्या नावाने छापून आलं.

सेफाकोरला त्याचं काही वाटलं नाही. तिला टोचत होतं ते दुसरंच. समुद्र दर पावसाळ्यात गावाची एखादी आळी गिळायचा. झोग्बेडेंनी प्रत्येक सभेत दगडी बंधाऱ्याचा शब्द दिला होता, आणि तो शब्द लोकांनी ऐकला होता तिच्या तोंडून. पाच वर्षं झाली. राजधानीत मोठं क्रीडांगण उभं राहिलं, गावात दगडसुद्धा पडला नाही. ज्यांची घरं गेली ते तिच्या दारात येऊन विचारायचे, "काय गं, कुठंय तुझा बंधारा?"

तिचा धाकटा भाऊ दोत्से मिठागर कामगारांचा पुढारी होता. झोग्बेडेंच्या पक्षाच्या बैठकीत उभं राहून त्याने तोच प्रश्न विचारला. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला उचललं. नवा कायदा झाला होता. खटला नाही, वकील नाही, थेट पाच वर्षं आत.

सेफाकोर राजधानीला गेली. चार दिवस कचेरीच्या बाकावर बसून काढले. पाचव्या दिवशी आत बोलावणं आलं. झोग्बेडे आता तिच्या भाषेत सफाईने बोलत होते.

"दोत्से देशाविरुद्ध बोलला, सेफाकोर."

"तो बंधाऱ्याबद्दल बोलला. शब्द तुमचा होता साहेब, तोंड माझं होतं. लोक मला विचारतात."

"देश चालवायचा म्हणजे काही माणसं आत ठेवावी लागतात. तुला नाही कळायचं."

"मला कळत नव्हतं, तर आठ महिने लोकांना कोण समजावत होतं?"

त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली. शिपायाने तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

दोत्से तुरुंगातच वारला. घरी एक कागद आला, त्यावर कारण म्हणून ताप लिहिला होता. प्रेत आलं नाही. गरज सरो नि वैद्य मरो, म्हणतात. इथे वैद्याचा भाऊ मेला. सेफाकोर भर बाजारात उभी राहिली आणि म्हणाली, "त्या सभांत मी तुमच्याशी खोटं बोलले. माहीत नव्हतं, पण बोलले." कोणी वर पाहिलं नाही.

दोन वर्षांनी लष्कराने सत्ता घेतली. झोग्बेडे परदेशी पळाले. चौकातला त्यांचा पुतळा ओढताना कोणीतरी दोराचं टोक तिच्या हातात दिलं. तिने ते फेकून दिलं. "याच हातांनी टाळ्या पिटल्यात ना? लाज धरा."

मग कॅप्टन क्वाशिगा जीप घेऊन आला. रेडिओवर बोलायचं, जुलमी माणसाने काय केलं ते देशाला सांगायचं. ती लगेच तयार झाली.

तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कॅप्टन शेजारी बसून मान डोलावत होता. मग ती म्हणाली, "माझा भाऊ जिथे मेला तिथे अजून छत्तीस माणसं आहेत. झोग्बेडे तर पळाले. आता या छत्तीस जणांना कोणी कोंडलंय?" आणि ती नावं सांगू लागली. भावाचा डबा घेऊन ती तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहायची, तेव्हा शेजारच्या बायकांकडून तिला ती पाठ झाली होती. अकराव्या नावानंतर प्रक्षेपण तुटलं.

"सूड घ्यायला बोलावलं होतं तुला, बाई," कॅप्टन दातओठ खात म्हणाला.

"मग घेऊ द्यायचा होता. मधेच का तोडलात?"

तिला सात आठवडे आत ठेवलं. पण अकरा नावं देशभर गेली होती. दुसऱ्याच दिवसापासून तुरुंगाच्या फाटकाशी बायका जेवणाची भांडी घेऊन बसल्या, हटवलं तरी हटेनात. महिन्याभरात एकोणीस जण सुटले, बाकीचे वर्षअखेरीस.

सुटलेल्यांपैकी एका म्हाताऱ्या शिक्षकाने तिला दोत्सेला पुरलं ती जागा दाखवली. चौघांना घेऊन तिने हाडं उकरून काढली आणि लाकडी पेटीत भरून आणली. गावचं दफनस्थान एव्हाना समुद्रात गेलं होतं. म्हणून खाजणापलीकडच्या उंचावर, मामाच्या शेतात त्याला पुरलं. माती लोटताना सेफाकोर रडली नाही. झोग्बेडेंना, कॅप्टनला आणि जमलेल्या गावालाही ती शिव्या देत होती. कोणी तिला गप्प केलं नाही.