शिक्का तिच्यासाठी ठेवला

हयातीच्या दाखल्यासाठी मी दर नोव्हेंबरात कर्जतच्या बँकेत जातो. पूर्वी तिथे एक मॅनेजर होते. नाव कधी विचारलं नाही. बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलणं शेलूकडचं.

एकदा माझा अंगठा मशीन घेईना. काउंटरवरची मुलगी वैतागली, मीही मास्तरकीच्या आवाजात तिला झाडलं. तिचे डोळे भरले. मॅनेजर केबिनमधून आले. "जा गं, चहा पिऊन ये," म्हणत तिच्या खुर्चीत बसले. माझा अंगठा स्वतःच्या रुमालाने पुसून पुन्हा लावला, कागद भरला आणि थांबले.

"शिक्का?" मी विचारलं.

"तो तीच मारंल, गुरुजी. मी मारला तर उद्या या खुर्चीत तिला मान वर करून बसता यायचं नाय."

ती आली, शिक्का मारला. मलाच माझ्या आवाजाची लाज वाटली.

त्यांची बदली होऊन बरीच वर्षं झाली. यंदा एका नव्या कारकुनावर कोणीतरी ओरडत होतं. शेजारच्या टेबलावरून तीच मुलगी उठली, आता चष्मा लागलेली. "जा रं, चहा पिऊन ये," म्हणून त्याच्या खुर्चीत बसली. कागद भरून झाल्यावर तिने शिक्का बाजूला ठेवला आणि दाराकडे बघत बसली.