राळेगावचा मामा, खवळलेला समुद्र आणि पायाचा अंगठा

कापसाचा पहिला वेचा आटोपला आणि आम्ही राळेगावचे चार गडी समुद्रावर मासे धरायला निघालो. बोंडअळीनं निम्मी बोंडं खाल्लेली, कापसाच्या भावाचा पत्ता नाही, अशा वर्षी हे कसलं खूळ, असं प्रत्येकानं आपापल्या घरी ऐकून घेतलं. ऐकून घेतलं आणि निघालो.

रामसिंग, दिवाकर सर आणि मी रविवारी बेंबळा धरणावर गळ टाकून बसणारे. समुद्रावरची मासे धरायची एक स्पर्धा सरांनी मोबाइलवर शोधली. कोकणात एका खाडीच्या तोंडाशी बेट आहे, तिथल्या वाळूत उभं राहून गळानं मासे धरायचे. चौथा प्रल्हादमामा. आम्हा तिघांनाही गळ त्यानंच शिकवला. पण दोन वर्षांपूर्वी फवारणी करताना औषध त्याच्या अंगात भिनलं. पंधरा दिवस दवाखान्यात काढून मामा वाचला, हातांची थरथर मात्र राहून गेली. तेव्हापासून त्यानं दोन गोष्टी सोडल्या, गळ आणि चारचौघांतला चहा. कप बशीत वाजतो, लोक बघतात, ते त्याला नको वाटतं. मला काहीही करून त्याच्या हातात एकदा दोरी द्यायची होती.

"मी नुसता समुद्र पाहीन," तो म्हणाला. "गळ धराले सांगितलं तं तिथूनच वापस येईन."

रस्ता असा: यवतमाळ, उमरखेड, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर आणि मग घाट. नांदेडपर्यंत रस्ता कंबर ढिली करतो, तेव्हा पहाटे निघा आणि सोलापूरला मुक्काम करा. तिथली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी चुकवू नका. रामसिंगची स्वतःची गाडी असल्यानं आमचा खर्च डिझेलवरच भागला. चहाला मात्र तो दर दोन तासांनी थांबायचा आणि दरवेळी मामा म्हणायचा, "मले नको. तुमी प्या, मी गाडीतच बसतो."

दुसऱ्या दिवशी घाट उतरलो तर पाऊस आडवा मारत होता. धक्क्यावर धोक्याचा बावटा फडकलेला. खाडीच्या आतल्या बाजूनं जाणारी होडी तेवढी चालू होती. दहा मिनिटांचं अंतर, पण रामसिंगनं डोळे उघडले ते वाळूवर पाय टेकल्यावरच. बेटावर एका काकूंच्या घरी उतरलो. माणशी सहाशे रुपयांत खोली आणि दोन वेळचं जेवण मिळालं. बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, आणि सोलकढी काकू वाढत होत्या तोवर आम्ही खात होतो.

आता आमचं शहाणपण ऐका. धरणावर आम्ही कणकेच्या गोळीवर मासे धरतो, म्हणून रामसिंगनं बडीशेप आणि हिंग घातलेलं दोन किलो पीठ सोबत आणलं होतं. काकू हसून हसून खाली बसल्या. समुद्रात ती गोळी गरीवर टिकत नाही, तिथं कोळंबी लागते. गळाला तिकडं गरी म्हणतात. त्या पिठाच्या काकूंनी पुऱ्या केल्या आणि त्या फार छान झाल्या.

सकाळी नावं पुकारली. सरांचं, रामसिंगचं, माझं आणि मग "प्रल्हाद, राळेगाव". मी गुपचूप मामाचं नाव लिहून दिलं होतं. मामाचा चेहरा उतरला.

"कायले लिवलं माहं नाव? इतक्या दूर आणून तमाशा करतं का माहा?"

तो पाठ फिरवून एका सुरूच्या झाडाखाली जाऊन बसला. मला तोंड लपवायला जागा नव्हती. चूक माझी होती आणि ती मला तेव्हाच कळली.

स्पर्धा सुरू झाली तेव्हा वारा असा होता की उभं राहणं मुश्कील. किनाऱ्यावर गळाच्या पन्नासेक काठ्या, आणि प्रत्येक काठीचं टोक लटलटत होतं. मासा कुठला आणि वारा कुठला, कुणालाच समजेना. चांगले अनुभवी लोक रिकामी गरी ओढून शिव्या घालत होते. तासाभरानं माझ्यामागे आवाज आला.

"आज तं साऱ्याइचेच हात थरथरून राह्यले बे."

मामा होता. त्यानं काठी घेतली नाही, काकूंकडची जाड हातदोरी मागून घेतली. कोळंबी लावायला त्याला पाच मिनिटं लागली. मी पुढं झालो, तर पंच ओरडले, "दोरयेक दुसऱ्यान हात लावल्यान तर नाव बाद!"

गरी लाटेत भिरकावून मामा वाळूत बसला आणि दोरीचा एक वेढा त्यानं पायाच्या अंगठ्याला घेतला. पाय थरथरत नव्हता.

मी पंचांना विचारलं, "पायानं चालतं का?"

"पाय तेंचोच आसा मा? मगे चलात."

अर्धा तास काही नाही. मग मामाचा अंगठा वाकडा झाला आणि तो ताडकन उठला. दोरी हातातून निसटू लागली. आम्ही तिघं शेजारी उभे, आणि हात लावायची सोय नाही! त्यानं गळ्यातला दुपट्टा खांद्यावर घेतला, त्यावरून दोरी टाकली, मुठी छातीशी आवळल्या आणि समुद्राकडे पाठ करून वाळू चढू लागला. एकदा गुडघ्यावर पडला, उठला, पुन्हा चालला. मागं लाटेतून हातभर लांब शेंगाळा घसटत बाहेर आला. मिशावाला, काटेरी, थेट आपल्या नदीतल्या शिंगाडा माशाचा थोरला भाऊ. सगळ्या किनाऱ्यानं टाळ्या वाजवल्या. मी रडलो, आणि ते पाऊस होता म्हणून खपून गेलं.

मामाचा चौथा नंबर आला. बक्षिसं तिघांनाच होती.

परत येऊन आता महिना झाला. त्या पंचांचे, काकूंचे आणि खरं सांगायचं तर त्या वाऱ्याचेही उपकार मी विसरणार नाही. हवा शांत असती तर मामा झाडाखालून उठला नसता. त्याचे हात आहेत तसेच आहेत.

काल राळेगावच्या स्टँडवर आम्ही चौघं चहाला थांबलो. सवयीनं मी तीनच सांगितले.

"काहून, मी नाई का?" मामा म्हणाला. "माहा कप पुरा भरजो."

कप बशीत वाजला. चहा शर्टावर सांडला, शेजारचे दोघं बघायला लागले. मामानं त्यांच्याकडे बघून उरलेला चहा सावकाश पिऊन टाकला आणि दुसरा मागवला.